बाळापूरचा कोट आणि रघूजींची फिरंग
(लेखमाला : कोट, तट, हत्यारे – लेखांक ७)

वाशिमकडच्या रिठद गावाहून बाळापूर तसे लांब नाही. रिसोड-वाशिम रस्त्यावर एसटी धरायची, वाशिमला बदलायची आणि मालेगाव करत पातूर गाठायचे. पातूरला आणखी एकदा गाडी बदलली की मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात, उंचवट्यावर बसलेला विटांचा कोट दिसू लागतो.

वऱ्हाडात किल्ला म्हटला की माणसे नरनाळ्याचे किंवा गाविलगडाचे नाव घेतात. डोंगर, जंगल, वाघ, तलाव असा सगळा सरंजाम तिथे आहे. बाळापूरच्या नशिबी भुईकोट असणे आले, त्यामुळे सहलीच्या यादीत त्याचा नंबर खालचा. पण वीटकाम कसे असते ते पाहायचे असेल तर आधी इथे यावे. आतला कोट पाचकोनी, प्रत्येक कोनावर बुरूज. त्याच्या बाहेर दहा कोनांचा दुसरा तट, तोही बुरुजांचा. पण उंचीने मुद्दाम कमी ठेवलेला. बाहेरच्या तटावर शत्रू चढलाच, तर आतल्या तटावरचे बंदूकधारी त्याच्या डोक्यावर असतात. आत शिरायचे तर एकामागे एक तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की पाणी जवळजवळ चहूबाजूंनी येते, म्हणजे खंदकाचे बरेचसे काम नद्याच करून टाकत.

या कोटाचे काम औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केले आणि १७५७ मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने पुरे केले. इस्माईलखान निजामाच्या पदरचा. आणि या लेखांकाची खरी गोष्ट इथेच आहे, कारण त्या काळी वऱ्हाडावर एकट्या निजामाचा अंमल नव्हता. नागपूरकर भोसलेही इथला वसूल नेत. दोन धन्यांच्या या कारभाराला दोअमली म्हणत. साठ टक्के भोसल्यांचे, चाळीस निजामाचे, असा हिशोब सांगितला जाई. शेतकऱ्याला दोन्ही दारी जावे लागे, हे वेगळे सांगायला नको. वाशिमचे बालाजी मंदिर ज्यांनी बांधले ते भवानी काळू हे भोसल्यांचेच कारभारी. म्हणजे रिठदचा माणूस बालाजीच्या दर्शनाला जातो तेव्हा भोसल्यांच्या वऱ्हाडात असतो आणि बाळापूरच्या दरवाजातून आत शिरतो तेव्हा निजामाच्या.

बाळापूरला निजामाची बाजू अशी विटेविटेत पाहायला मिळते. भोसल्यांच्या हत्यारांसाठी मात्र वेगळी वाट धरावी लागते.

ती वाट अलीकडे थेट लंडनला पोचली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे सदबीज या लिलाव कंपनीने एक तलवार विक्रीला काढली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे जडावकाम. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, देवनागरीत सोन्याची अक्षरे होती: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. सेनासाहेबसुभा हा पहिल्या रघूजींचा किताब. नागपूरच्या भोसले घराण्याचे हे संस्थापक. बंगाल आणि ओरिसापर्यंत त्यांच्या फौजा गेल्या. बाळापूरचा कोट पुरा होण्याच्या दोनच वर्षे आधी, १७५५ मध्ये, ते वारले. तलवार आणि कोट एकाच पिढीचे, फक्त बाजू समोरासमोरच्या. महाराष्ट्र शासनाने ती घेतली. सगळा खर्च धरून आकडा झाला ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली आणि पु. ल. देशपांडे कला अकादमीत लोकांना पाहायला ठेवली गेली.

एवढ्या मोठ्या सरदाराची तलवार परदेशी पात्याची कशी, असा प्रश्न काहींना पडला. पण मराठी फौजेत हे रोजचेच होते. जर्मनीतले सोलिंगेन, इटलीतले जिनोआ, स्पेनमधले टोलेडो इथली पाती बंदरांतून दख्खनमध्ये येत. त्यांना इथल्या मुठी बसवल्या की झाली फिरंग. मूठ बसवायची रीत बघण्याजोगी आहे. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालायची आणि तापवलेली लाख किंवा राळ ओतून ती जाम करायची. निवली की घट्ट. पुन्हा तापवली की मूठ सुटी. त्यामुळे पाते आजोबांचे आणि मूठ नातवाची, असेही होई. अनेक फिरंगांच्या मुठीला खाली एक गज पुढे काढलेला असतो; दोन्ही हातांनी घाव घालायचा तर दुसरा हात तिथे जातो. परदेशी पात्याला मान होता, म्हणून त्याची नक्कलही होई. जिनोआच्या पात्यांवर विळ्यासारखी दातेरी खूण असे; तीच खूण इथले लोहार आपल्या पात्यावर उठवून देत.

मूठ बसवायची दुसरी एक रीत पाहायला आता जपानकडे वळू. तिथल्या संग्रहालयात सामुराईची तलवार बहुतेक वेळा मूठ काढून ठेवलेली असते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते अर्धवट वाटते. पण जपानी मूठ लाखेने चिकटवत नाहीत, बांबूची एक खुंटी तिला धरून ठेवते. खुंटी काढली की मूठ निघते आणि शेपटीवर कोरलेले लोहाराचे नाव दिसते. रघूजींच्या फिरंगीवर नाव आहे ते धन्याचे; आपल्याकडच्या कित्येक तलवारींवर तर कोणाचेच नसते. घडवणाऱ्याचे नाव जपण्यात जपान्यांनी आपल्यावर मात केली, हे मान्य करायला हवे.

किल्ला आणि हत्यारे एकत्र जपण्याचे त्यांचे गाजलेले उदाहरण म्हणजे मात्सुमोतोचा काळा किल्ला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, पाणथळ सपाटीवरचा, म्हणजे बाळापूरसारखाच भुईकोट. फक्त विटांऐवजी लाकडाचा. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत. जिने असे उभे की माणूस दोन्ही हातांनी कठडा धरून चढतो. भिंतींत बाणांसाठी उभ्या आणि बंदुकांसाठी चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करायची भोके. आणि त्याच इमारतीत तोड्याच्या बंदुकांचा संग्रह मांडलेला. ही बंदूक जपानात नेली पोर्तुगीजांनी, १५४३ मध्ये. जपान्यांनी ती पाहून काही वर्षांत स्वतःच घडवायला घेतली. जंगीपाशी उभे राहायचे आणि चार पावलांवर तिच्यात बसणारी बंदूक पाहायची, ही सोय वऱ्हाडात कुठेही नाही.

ही सोय तिथेही आपोआप झालेली नाही. १८७२ मध्ये हा किल्ला लिलावात गेला होता, पाडून लाकूड विकण्यासाठी. इचिकावा र्‍योझो नावाच्या स्थानिक गृहस्थांनी तो सोडवायचे मनावर घेतले आणि पैसे उभे करायला किल्ल्याच्या आतच प्रदर्शने भरवली. चार वर्षांनी, १८७६ मध्ये, जपानी सरकारने कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आणली. आपल्याकडे इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आला १८७८ मध्ये. पण नागपूरकरांच्या घरातून किमती चीजवस्तू त्याआधीच बाहेर पडू लागल्या होत्या: १८१७ मध्ये इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर, जेव्हा जडजवाहिरांचा लिलाव कोलकात्याला झाला. बाळापूरच्या कोटात मात्र सरकारी कचेऱ्या बसल्या. कचेरी होती म्हणून तट टिकला, असेही म्हणता येईल.

रिठदकराला अस्सल हत्यारे पाहायची तर सध्या नागपूरची वाट बरी. १८६३ चे तिथले मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी अजब बंगला, आपले शस्त्रदालन राखून आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी दिलेली वाघनखेही जुलै २०२४ मध्ये आधी साताऱ्यात आणि २०२५ मध्ये नागपुरात मांडली गेली. त्या वाघनखांबद्दल लंडनच्याच संग्रहालयाने ठामपणे काही सांगायचे टाळले आहे: ती शिवाजी महाराजांनी वापरली तीच, हे सिद्ध करता येत नाही, असे ते म्हणतात. रघूजींच्या फिरंगीचे बरे आहे. तिच्या धन्याचे नाव तिच्याच पाठीवर लिहिलेले आहे.

(पुढील लेखांकात : नरनाळ्याचा १४८७ चा महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ)