मालकाचा आजार : घरची गोष्ट की बाजाराची?

सन २००९ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील ॲपल या संगणक कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी नऊ दिवसांच्या अंतराने दोन पत्रे प्रसिद्ध केली. ५ जानेवारीच्या पत्रात त्यांनी म्हटले की, आपले वजन घटत आहे याचे कारण हार्मोनचा बिघाड आहे, उपाय सोपा आहे आणि आपण काम करीत राहणार आहोत. १४ जानेवारीच्या पत्रात त्यांनी कळविले की, दुखणे वाटले होते त्यापेक्षा गुंतागुंतीचे आहे आणि जूनअखेरपर्यंत आपण रजेवर जात आहोत. हे दुसरे पत्र बाहेर पडताच, बाजार बंद झाल्यानंतरच्या सौद्यांत कंपनीचा शेअर झटकन घसरला. पुढे दोनेक महिन्यांनी जॉब्ज यांचे यकृत बदलण्यात आले. जगाला ते कळले आणखी तीन महिन्यांनी, २० जून रोजी, तेही कंपनीकडून नव्हे, तर वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकातून.

जॉब्ज ५ ऑक्टोबर २०११ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी वारले. त्यांच्या आजाराविषयी त्या काळात इतके लिहिले आणि बोलले गेले की, एखाद्या राजाच्या आजारपणाचीही इतकी चर्चा झाली नसेल. त्यातली निम्मी चर्चा निव्वळ चघळण्याची होती. पण उरलेल्या निम्म्यात एक खरा प्रश्न होता. तो पाच लाखांच्या दुकानालाही तितकाच लागू आहे, म्हणून आम्ही तो या पानावर घेत आहोत. ज्याच्याकडे लोकांचा पैसा आहे तो माणूस गंभीर आजारी पडला, तर त्या लोकांना काय सांगितले पाहिजे आणि काय सांगण्याची गरज नाही?

आधी बाजार एवढा का घाबरला ते पाहू. १९७६ साली जॉब्ज यांनी भागीदारांसह ही कंपनी काढली. १९८५ साली त्यांना तीतून बाहेर पडावे लागले. १९९७ साली ते परत आले तेव्हा कंपनीला त्या एका वर्षात एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता. पुढच्या दहा वर्षांत आयमॅक, आयपॉड आणि २००७ साली आयफोन बाजारात आला आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. लोकांच्या मनात माणूस आणि कंपनी एकच झाले. धारावीतील चामड्याच्या कारखान्यात सगळा माल ज्याच्या हातावर अवलंबून असतो तो कटिंग मास्तर आठ दिवस दिसला नाही, तर व्यापारी जसा अस्वस्थ होतो, तसेच हे होते. फक्त रकमेचा आकडा मोठा.

(जॉब्ज यांचे जन्मदाते वडील सीरियातील होम्स शहराचे अब्दुलफत्ताह जंदाली होत, ही गोष्ट आपल्या लोकांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मुलाला जन्मतःच दत्तक देण्यात आले होते आणि बापलेकांचा काही संबंध राहिला नव्हता. त्यामुळे त्या कौतुकात फार अर्थ नाही.)

ऑक्टोबर २००३ मध्ये जॉब्ज यांच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. ती स्वादुपिंडाच्या नेहमीच्या जीवघेण्या कर्करोगाची नव्हती, तर सावकाश वाढणाऱ्या एका दुर्मिळ प्रकारची होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. जॉब्ज यांनी नऊ महिने पथ्य, फळांचे रस आणि ॲक्युपंक्चर यांत घालविले आणि ३१ जुलै २००४ रोजी शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरवर्गाला निरोप पाठविला की, गाठ काढली आहे आणि आपण बरे झालो आहोत. कंपनीच्या संचालकांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. वकिलांच्या सल्ल्याने ते गप्प राहिले होते. हे २००८ च्या मार्चमध्ये फॉर्च्यून मासिकाने छापले. जॉब्ज यांच्या मृत्यूनंतर २०११ साली निघालेल्या वॉल्टर आयझॅक्सन यांच्या चरित्रातून तर असे समजले की, शस्त्रक्रियेच्या वेळीच रोग यकृतात पोहोचल्याचे दिसले होते.

जून २००८ मध्ये नवा आयफोन दाखविण्यासाठी जॉब्ज मंचावर आले, तेव्हा ते इतके वाळलेले दिसले की, लोकांनी फोन कमी आणि माणूस जास्त पाहिला. कंपनीने सांगितले, साधा संसर्ग झाला आहे. जुलैमध्ये शेअरधारकांच्या वतीने प्रश्न आला, तेव्हा उत्तर मिळाले की, प्रकृती ही खासगी बाब आहे. ही दोन उत्तरे वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ‘खासगी बाब आहे’ हे उत्तर पटो वा न पटो, सरळ आहे. पण त्याआधी ‘साधा संसर्ग’ म्हणून झाले होते, आणि त्यामुळे पुढच्या मौनावर कोणाचा विश्वास बसेना.

विश्वास उडाला की अफवा येते. ऑगस्ट २००८ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेकडून जॉब्ज यांचा तयार करून ठेवलेला मृत्युलेख चुकून प्रसिद्ध झाला. ३ ऑक्टोबर रोजी कोणीतरी खोटी बातमी सोडली की, जॉब्ज यांना हृदयविकाराचा झटका आला आहे. काही मिनिटांत शेअर कोसळला, कंपनीने इन्कार केल्यावर सावरला, आणि सरकारी चौकशी सुरू झाली. त्याच महिन्यात जॉब्ज यांनी एका सभेत पडद्यावर आपला रक्तदाब दाखविला, ११० आणि ७०, आणि सांगितले की, प्रकृतीविषयी आज एवढेच. सभा हसली. पुढे २०११ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकी साप्ताहिकाने दवाखान्यात जाताना चोरून काढलेली त्यांची छायाचित्रे छापली आणि ज्यांनी रुग्णाला कधी तपासले नव्हते अशा डॉक्टरांकडून ते किती आठवडे जगतील याचा अंदाज वदवून घेतला. मरणाऱ्या माणसाच्या दाराशी उभे राहून दिवस मोजण्याच्या या धंद्याला आम्ही व्यापार म्हणत नाही आणि पत्रकारिताही म्हणत नाही.

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आधार आहे आणि तिथेच खरी अडचण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आत ओल लागते, हा हदीसमधील प्रसंग आपल्याला माहीत आहे. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले जाते आणि फसविणारा आपल्यातला नाही, असे बजावले जाते. मालातला ऐब झाकून विकणे हराम. दुसऱ्या बाजूला, माणसाचा ऐब झाकणे हे पुण्याचे काम. दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) वाईट तर्क, टेहळणी आणि पाठीमागची निंदा या तिन्ही गोष्टींना एकत्रच मनाई केली आहे. आजाऱ्याला भेटायला जावे, दुआ करावी. त्याच्या रिपोर्टची चौकशी करावी, असे कोणी सांगितलेले नाही.

मग मालकाचा आजार हा मालाचा ऐब की माणसाचा?

आमच्या मते, आजार माणसाचा. पण त्या आजाराने कारभारात जी पोकळी पडते ती मालाचा भाग आहे. ज्याने पैसा लावला, ज्याने उधारीवर माल दिला, त्याला हे कळण्याचा हक्क आहे की, काम करणारा हात सध्या आहे की नाही, किती दिवस नसेल आणि त्याच्या जागी कोण बसले आहे. कोणता अवयव, कोणती गाठ, कोणते औषध, यावर त्याचा हक्क नाही. आणि जे काही सांगायचे ठरेल ते खरे असले पाहिजे. जॉब्ज यांची १४ जानेवारीची सूचना या कसोटीला बहुतांशी उतरते: रजा किती, रोजचा कारभार कोणाकडे (टिम कुक), हे तीत होते. ५ जानेवारीच्या पत्राने मात्र ओले धान्य तळाशी ठेवले, असे म्हणावे लागते. त्या दिवशी त्यांना स्वतःलाच पूर्ण कल्पना नसेल, हेही शक्य आहे. आजाऱ्याच्या बाबतीत चांगला तर्क करावा.

अमेरिकेतील कायदाही या रेषेवर अडखळतो. तेथे १९९६ च्या कायद्यावर आधारलेले नियम दवाखान्याचे व डॉक्टरांचे तोंड बांधून ठेवतात. मेम्फिस येथील ज्या रुग्णालयात यकृत बदलले, त्यानेही बातमी फुटल्यावर, रुग्णाची परवानगी घेऊनच दुजोरा दिला. पण हे नियम कंपनीला लागू नाहीत. कंपनीला शेअर बाजाराचे नियम लागू आहेत आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरविलेली कसोटी अशी की, समंजस गुंतवणूकदाराला जी गोष्ट महत्त्वाची वाटेल ती महत्त्वाची. प्रमुखाने पद सोडले तर चार कामकाजी दिवसांत कळवावे लागते. आजाराबद्दल मात्र नेमका नियम नाही. वॉरन बफे यांनी २००९ साली उघड मत दिले की, अशी मोठी शस्त्रक्रिया ही कळविण्याजोगी गोष्ट आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये स्वतः बफे यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला तेव्हा त्यांनी लगेच शेअरधारकांना पत्र लिहून सांगितले. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी तर १९९६ साली आपल्या कर्करोगावर मासिकात लेखच लिहिला होता. ॲपलचे एक संचालक जेरी यॉर्क २०१० साली वारले. आजार लपविल्याचा आपल्याला संताप आला होता, राजीनामा द्यायला हवा होता, असे त्यांनी एका पत्रकाराला सांगून ठेवले होते आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर छापून आले. बोलायचे तेव्हा संचालकांच्या बैठकीत बोलले असते तर अधिक उपयोग झाला असता.

संशयाचा आणखी एक प्रकार झाला. जॉब्ज कॅलिफोर्नियाचे, मग यकृत टेनेसी राज्यात कसे मिळाले? श्रीमंताने रांग मोडली, असा बोभाटा झाला. तेथे एकाहून अधिक राज्यांत नाव नोंदविण्याची मुभा आहे, आणि टेनेसीतील यादी लहान होती. अवयव मिळाला त्या वेळी त्यांच्या रक्तगटात तेच सर्वांत अधिक आजारी होते, असे रुग्णालयाने सांगितले. रांग मोडली नव्हती. पण दोन रांगांत उभे राहायला, आणि बोलावणे येताच काही तासांत पोहोचायला, खिशात पैसा लागतो, हे लोकांचे म्हणणेही खोटे नव्हते. जॉब्ज यांनी सप्टेंबर २००९ मध्ये मंचावरून सांगितले की, मोटार अपघातात मरण पावलेल्या एका तरुण व्यक्तीचे यकृत आपल्याला मिळाले. पुढच्या वर्षी, वाहनपरवाना घेताना प्रत्येकाला अवयवदानाविषयी विचारावे असा कायदा कॅलिफोर्नियात झाला. त्यासाठी त्यांनी स्वतः खटपट केली होती. या प्रकरणातून एवढे एक काम निश्चित चांगले झाले.

मौन पूर्ण पाळले तर काय होते, हे २०१८ साली दिसले. फियाट क्रायस्लर या मोटार कंपनीचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांच्या खांद्याची शस्त्रक्रिया आहे, एवढेच बाहेर आले होते. २१ जुलैला कंपनीने अचानक नवा प्रमुख नेमला आणि २५ जुलैला ते झुरिच येथे वारले. दुसऱ्या दिवशी तेथील रुग्णालयाने सांगितले की, त्यांच्यावर वर्षाहून अधिक काळ गंभीर आजाराचे उपचार चालू होते. आपल्याला काहीच कल्पना नव्हती, असे कंपनीचे म्हणणे. लाखो कामगारांच्या पोटाचा कारभार ज्यांच्याकडे, त्यांनाच ठाऊक नाही!

आपल्या देशात सेबीने २०२३ साली यावर नियम केला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी नव्वद दिवसांच्या कोणत्याही मुदतीत पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ नेहमीप्रमाणे काम करू शकला नाही, तर ते कारणासह बाजाराला कळवावे लागते. दिवस मोजण्याची ही पद्धत आम्हाला पसंत आहे. आजाराचे नाव काय, यापेक्षा खुर्ची किती दिवस रिकामी आहे, याकडे ती आधी पाहते.

आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा शेअर बाजारात नोंदलेला नाही. एकट्याचे दुकान, दोन भावांचे लूम, मामा-भाच्याची भागीदारी. इथे आजार लपविण्याची कारणेही वेगळी असतात: सूतवाला उधारी बंद करील, कारागीर दुसरीकडे जातील, मुलीचे स्थळ मोडेल. ही भीती खोटी नाही. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने या भीतीपोटी वर्षभर आपला आजार भावालाही कळू दिला नाही. तो वारला तेव्हा देणेकरी दुसऱ्याच आठवड्यात दारात आले. येणे कोणाकडे किती होते, ते मात्र त्याच्याबरोबर गेले, कारण सगळे त्याच्या डोक्यात होते. मयताच्या मालातून आधी कर्ज फेडायचे आणि मग वारसांची वाटणी, हे आपण जाणतो. येणेच सापडले नाही, तर कर्ज फेडायचे कशातून?

त्या भावाला आजाराचे नाव कळले नसते तरी चालले असते. वही कळायला हवी होती. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या आयतीत (२:२८२) आहेच, आणि ज्याच्याकडे वसियत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवण्यात दोन रात्रीही दिरंगाई करू नये, असे हदीस सांगते. दोन्हींसाठी आजारी पडण्याची वाट पाहायची नाही. भागीदारीच्या बाबतीत १९३२ च्या कायद्याचे ४२ वे कलम पाहून ठेवावे: करारात वेगळे काही लिहिले नसेल, तर भागीदार मरण पावताच पेढी विसर्जित होते. एक भागीदार गेल्यावर पेढी चालू राहील की नाही, त्याचा हिस्सा वारसांना कसा द्यायचा, आणि तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला तर बँकेच्या कागदांवर सही कोणाची, ही तीन वाक्ये करारनाम्यात घालायला वकील एका बैठकीचेच पैसे घेतो.

जॉब्ज वारल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबर २०११ रोजी, ॲपलचा शेअर जेमतेम पाव टक्का उतरला. टिम कुक यांची नेमणूक सहा आठवड्यांपूर्वी, २४ ऑगस्टला झाली होती.