शिक्षा आणि राजीनामा

दिल्लीच्या केंद्र सरकारांत विद्याखात्याचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाला इ. स. २०२० पासून हिंदींत ‘शिक्षा मंत्रालय’ असें म्हणतात. मराठी माणसानें ही पाटी प्रथमच वाचली म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें शाळा उभी न राहतां तुरुंग उभा राहतो. लिपि तीच, अक्षरें तींच, शब्दही एकाच संस्कृत धातूपासून निघालेला. आणि तरी एकाला जें विद्यादान तोच दुसऱ्याला दंड!

मूळ संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकणें व शिकविणें. वेदाच्या सहा अंगांपैकीं उच्चारशास्त्राचें नांवच मुळीं शिक्षा असें आहे. हिंदीनें व बंगालीनें हा अर्थ जपला. मराठी, कानडी, तेलुगु व मल्याळी यांनीं मात्र शिक्षेची गांठ दंडाशीं घालून दिली. हा बदल वाटतो तितका विचित्र नाहीं. ज्याला वळण लावावयाचें त्याला शिकवावें लागतें, आणि तो ऐकेना तर छडीही उगारावी लागते, अशी समजूत जेथें पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली असते, तेथें शिकविणें आणि शासन करणें यांतील अंतर फार उरत नाहीं. आजही ‘त्याला चांगला धडा शिकविला’ असें कोणी म्हणालें, तर मराठी माणूस पाठ्यपुस्तक शोधावयास जात नाहीं.

संस्कृत शब्द घेतला कीं तो सर्व प्रांतांत सारखाच समजेल, असें पुष्कळांना वाटतें. भारतीय संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदांतही हिंदीनें शब्दसंग्रहासाठीं मुख्यतः संस्कृताकडे वळावें असें सांगितलें आहे. त्या धोरणाचे फायदे आहेतच. परंतु अनोळखी शब्द वाचकाला निदान कोश तरी उघडावयास लावतो. ओळखीचा शब्द तेवढीही सवड देत नाहीं. हिंदींत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठींत संकट. हिंदींत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठींत थट्टा. सरकारनें एखाद्या कामाची चेष्टा केली, हें हिंदी वाक्य घाईघाईनें मराठींत उतरविणारा भाषांतरकार काय छापून बसेल, हें सांगावयास नकोच.

राजीनाम्याची हकीकत याहून अधिक जपून ऐकण्यासारखी आहे. कारण येथें गैरसमज झाला तर तो हसण्यावारी नेतां येत नाहीं. राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे लेख. तेव्हां राजीनामा म्हणजे संमतिपत्र. उत्तरेकडील न्यायालयांत हा अर्थ टिकून आहे. वादी-प्रतिवादींत तडजोड झाली कीं तेथें राजीनामा लिहितात. महाराष्ट्रांत मात्र राजीनामा दिला म्हणजे माणसानें पद सोडलें! गुजराती, कानडी व तेलुगु यांतही तसेंच. या दोन अर्थांमधील दुवा मुंबई इलाख्याच्या जुन्या महसुली दप्तरांत दिसतो. खातेदार जमीन सोडी तेव्हां तो राजीनामा देई, आणि नवा घेणारा कबुलायत लिहून देई. मी राजीखुषीनें हक्क सोडीत आहें, असें त्या कागदाचें म्हणणें असे. जमीन सोडण्याचा कागद आणि जागा सोडण्याचा कागद यांत अंतर तें कितीसें?

आतां उत्तरेंतील एखाद्या कचेरींत कारकुनानें मराठी पक्षकाराला ‘राजीनामा लिहून द्या’ असें सांगितलें, तर आपल्याला कोणता तरी हक्क सोडावयास लावीत आहेत अशा शंकेनें तो हात आंखडता घेईल, आणि जुळत आलेली तडजोड एका शब्दापायीं मोडून जाईल. त्यांत कारकुनाची लबाडी नाहीं, आणि पक्षकाराचा अडाणीपणाही नाहीं.

असले चकवे भेटण्यासाठीं परप्रांतांत जावें लागतें असें मात्र नव्हे. मराठी घरांतच पाहावें. पंगतींत भात वाढतात, अंगणांत मूल वाढतें, देवापुढें नारळ वाढवितात, आणि सुवासिनीची बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ असें म्हणतात. फुटणें, तुटणें हे शब्द मंगल वस्तूंच्या बाबतींत उच्चारूं नयेत, या भावनेनें नेमका उलट अर्थाचा शब्द तेथें आणून बसविला आहे. हिंदी भाषकांनीही दुकान बंद करण्याला ‘दुकान बढाना’ म्हणून हीच युक्ति योजिली आहे. मराठी नव्यानें शिकणाऱ्या परक्याला व्याकरणांतून याचा पत्ता लागणें शक्य नाहीं. त्यासाठीं या घरांतून कांहीं दिवस वावरावें लागतें.

निरोपाचेंही असेंच आहे. घरांतून निघणारा ‘जातो’ म्हणत नाहीं, ‘येतो’ म्हणतो. आणि त्याला निरोप देणाऱ्यांना तो निघाला हें बरोबर समजतें. दुखवट्याच्या घरून उठतांना मात्र तेंच ‘येतो’ तोंडावाटे काढावयाचें नसतें. तेथें मुकाट्यानें उठून चालूं लागावयाचें असतें.