जुनी स्पोर्ट्स कार घरी रंगवायची, तर रंग सर्वांत शेवटी

झाशी : वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी स्पोर्ट्स कार बाहेर काढली की घरात पहिली चर्चा रंगाची होते. लाल हवा की पिवळा, जुनाच ठेवावा की नवा निवडावा, यावर मतभेदही होतात. प्रत्यक्षात या कामात रंगाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. गाडीची कागदपत्रे, पत्र्याखालचा गंज, शहराचे हवामान आणि रंगवणाऱ्याची फुप्फुसे या चार गोष्टींचा विचार त्याआधी व्हावा लागतो. तो न केल्यास चकचकीत झालेली गाडी कायद्याच्या दृष्टीने ‘व्हिंटेज’ राहत नाही किंवा दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगू लागते. रंगवणाऱ्याला आयुष्यभराचा दमा जडणे ही याहून गंभीर शक्यता आहे.

सुरुवात कागदांपासून. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने तिला पात्र ठरतात. नव्या नोंदणीसाठी शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये आणि प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

घरी काम करणाऱ्याने नीट वाचावी अशी अट याच नियमात आहे. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळेनात म्हणून आधुनिक हॅचबॅकचे इंजिन बसवणे हा अनेक गॅरेजांचा आवडता तोडगा आहे. त्याने गाडी चालू होते, मात्र व्हिंटेज दर्जाचा दावा दुबळा होतो. रंगाचे तसे नाही. रंग ही नोंदणी प्रमाणपत्रातील एक नोंद आहे. ती बदलायची असल्यास परिवहन कार्यालयाकडे अर्ज करून बदल नोंदवून घ्यावा लागतो. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. वयाची पन्नाशी न गाठलेल्या खासगी गाडीला नेहमीचाच नियम लागू होतो : १५ वर्षांनंतर नूतनीकरण आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी.

भारतात स्पोर्ट्स कार मुळातच दुर्मीळ आहेत. जुन्या एमजी गाड्या, मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, गोव्यात तयार होणारी दोन आसनांची सान स्टॉर्म ही त्यातली तीन परिचित नावे. हेराल्ड काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे. पण इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोट्टी यांनी रेखाटलेल्या ज्या ट्रायम्फ हेराल्डची ती भारतीय आवृत्ती, तिच्याच चॅसीवरून पुढे ट्रायम्फ स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार घडली. घरी काम करणाऱ्याला या तिन्ही गाड्या तीन वेगळे धडे देतात. हेराल्डची चॅसी स्वतंत्र आहे आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले आहेत, त्यामुळे ते सुटे करून एकेकावर काम करता येते. एमजीच्या टी मालिकेत पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. तिथे गंजाइतकीच भीती वाळवीची आणि कुजलेल्या सांध्यांची. लाकूड खिळखिळे असेल, तर वरचा रंग कितीही उत्तम असो, दार बसत नाही. सान स्टॉर्मची बॉडी फायबर ग्लासची. ती गंजत नाही, पण रंग उतरवणारी तीव्र रसायने तिच्या थराला इजा करतात. तिच्यावर हातानेच, धीराने काचकागद फिरवावा लागतो. गंज शोधायचा तो तिच्या लोखंडी चॅसीत.

काम सुरू करण्याआधी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, काढलेला प्रत्येक नट व पट्टी नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावी. मूळ रंगाचा नमुना डॅशबोर्डमागे, दाराच्या रबराखाली किंवा डिकीच्या गालिच्याखाली सापडतो. उन्हाने फिकट न झालेला तो तुकडा रंगाच्या दुकानात जुळवणीसाठी सर्वांत विश्वासार्ह. जुन्या रंगाला मोल असते याचे उदाहरण इंदूरचे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या ड्यूसेनबर्ग एसजे स्पीडस्टरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडवली होती. नारिंगी व काळी ही तिची रंगसंगती आजही तिच्या ओळखीचा भाग आहे. दुसऱ्या रंगात ती ‘होळकरांची गाडी’ म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरली नसती. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेली ट्युरिन सनदही शक्य तेवढे मूळ साहित्य जपण्यावर भर देते. मूळ रंग बराचसा शाबूत असेल, तर तो खरवडण्याआधी नुसते धुऊन व पॉलिश करून पाहणे शहाणपणाचे. एकदा उतरवलेला मूळ थर परत येत नाही.

त्यानंतर गंज. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणूनच रंगाखाली फोड येतात. दिसणारा फोड नखाएवढा असला, तरी आतली जखम तळहाताएवढी असू शकते. लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा; जिथे तो धरत नाही, तिथे पूर्वीच्या कोणीतरी पुट्टीचा जाड थर चढवला आहे असे समजावे (पत्रा ॲल्युमिनिअमचा नाही, एवढी खात्री आधी करून). चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी, बॅटरीचा ट्रे आणि डिकीचा तळ या नेहमीच्या जागा. वरवरचा गंज वायर ब्रशने व काचकागदाने काढून फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावण लावता येते, पण त्याचे अवशेष पूर्ण धुऊन पत्रा वाळवणे आवश्यक आहे. पत्रा चाळणीसारखा झाला असेल, तर पुट्टी भरणे ही निव्वळ फसवणूक ठरते. तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा. अशा कामाचे हात झाशीत मिळतात. १८९५ पासून रेल्वेची कार्यशाळा असलेल्या या शहरात पत्रा ठोकणे आणि जोडणे ही परकी विद्या नाही.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर हा क्रम सुरक्षित. पुट्टी ओलावा शोषते. ती थेट पत्र्यावर बसली आणि कुठे तडा गेला, तर पाणी सरळ लोखंडापर्यंत पोहोचते. त्याच कारणाने पुट्टी कोरडीच घासावी. याउलट जुना रंग ओला करून घासावा, कारण जुन्या वाहन-रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसे व क्रोमेट असू शकते आणि त्यांची कोरडी धूळ घरातल्या लहान मुलांसाठी विशेष घातक असते. शेवटच्या प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासल्यास पत्र्यावरचे खळगे काळे राहतात आणि चढ लगेच उघडे पडतात. या एका युक्तीने कित्येक दिवसांची निराशा वाचते.

आता हवामान. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत थिनर वाटेतच उडते. रंगाचे कण पत्र्यावर पसरण्याआधी सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. लू सोबत धूळ आणते ती वेगळीच. उपाय म्हणून अंगणात कूलर लावला, तर हवेत बाष्प वाढते. पावसाळ्यात दुसरे संकट : थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर दव धरते आणि रंगावर पांढरट झाक येते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक असावे, हा रंगकामातला सर्वमान्य नियम. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तो पाळणे कठीण. त्यामुळे बुंदेलखंडात ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य आणि फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध हे या कामाचे खरे दिवस. कॉम्प्रेसरच्या नळीत साचणारे पाणी अडवणारा सापळा मात्र कोणत्याही ऋतूत हवाच.

रंगाच्या निवडीत आज दोन मुख्य मार्ग आहेत. एक नायट्रोसेल्युलोजचा, बाजारात ‘एनसी’ म्हणून मिळणारा. ड्यूपाँ कंपनीने विसाच्या दशकात ‘ड्यूको’ या नावाने तो आणला आणि १९२४ च्या ओकलँड गाड्या त्याच्या निळ्या छटेत बाहेर पडल्या. त्याआधी मोटारीवरचे तेलरंग व व्हार्निश वाळायला आठवडे लागत. ते नाव आपल्याकडे इतके रुजले की लाकडी कपाटावरच्या फवाऱ्यालाही आजतागायत ड्यूकोच म्हणतात. हा रंग केवळ थिनर उडून सुकतो, चुकला तर घासून पुन्हा मारता येतो आणि पन्नास-साठच्या दशकांतील गाडीवर तो शोभतोही. त्याची चमक मात्र अनेक थर आणि बरेच पॉलिश मागते. पूर्ण आत सुकायला त्याला काही आठवडे लागतात, आणि घाई केल्यास घासल्याच्या रेषा नंतर वर येतात.

दुसरा मार्ग दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचा, ज्याला कारागीर ‘पीयू’ किंवा ‘टू-के’ म्हणतात. हार्डनर मिसळला की रासायनिक प्रक्रियेने तो घट्ट होतो; ऊन, पेट्रोल आणि पाऊस यांना उत्तम तोंड देतो. धोका याच हार्डनरमध्ये आहे. त्यात आयसोसायनेट वर्गातील संयुगे असतात. ती श्वासातून फुप्फुसांत जातात, त्वचा व डोळ्यांनाही बाधतात आणि एखाद्याचे शरीर त्यांना संवेदनशील झाले की तो बदल सहसा परतत नाही. पुढे अल्पशा संपर्कानेही दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. वासावरून हा धोका ओळखता येत नाही. नाकाला बांधलेला रुमाल, कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी आहे; बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा हेच योग्य साधन, आणि ते घरगुती गॅरेजात क्वचितच असते. शिवाय फवारा मारणाऱ्याखेरीज वरच्या मजल्यावर झोपलेले वडीलधारे आणि शेजारची खिडकीही त्याच हवेत असतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. इन्व्हर्टर, पंखा किंवा देवघरातली निरांजन तिला पेटवायला पुरेशी आहे.

म्हणून व्यवहार्य वाटणी अशी करता येते : सुटे करणे, गंज काढणे, पुट्टी, घासणे, पॉलिश ही वेळखाऊ कामे घरी, आणि टू-केचा अखेरचा फवारा बंदिस्त बूथ असलेल्या कार्यशाळेत. सगळे घरीच करण्याचा हट्ट असेल, तर एनसी निवडावा, गॅरेज दोन्ही बाजूंनी उघडे ठेवावे आणि सेंद्रिय वाफांसाठी कोळशाचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरावा. एका दिवशी सर्व भाग रंगवण्याची गरज नाही. मात्र एकाच छटेचा सगळा रंग आधीच एकत्र मिसळून ठेवावा. दुसऱ्यांदा जुळवलेला डबा बॉनेट आणि दारात फरक दाखवल्याशिवाय राहत नाही. उरलेला रंग घट्ट बंद करून त्यावर छटेचे सूत्र व तारीख लिहून ठेवावी. पहिले काही आठवडे मेण लावू नये, झाकण्यासाठी प्लास्टिकची ताडपत्री वापरू नये. छटा बदलली असेल, तर परिवहन कार्यालयाची नोंद झाल्यावरच गाडी रस्त्यावर आणावी.