कोकरांच्या वेदना व त्यांचे शमन : दख्खनी मेंढीच्या संदर्भात

राळेगणसिद्धीचे नाव घेताच पाणलोट, श्रमदान व चराईबंदी यांचे स्मरण होते. मेंढीचे सहसा होत नाही. तथापि ज्या पारनेर तालुक्यात हे गाव वसले आहे, तो पर्जन्यछायेचा माळ दख्खनी मेंढीचा जुना मुलूख होय. याच तालुक्यातील ढवळपुरीकडचे धनगर पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात. माळावर जनावर मोकळे चारावे की बांधून पोसावे, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. कोकराचा कान टोचताना किंवा त्यास खच्ची करताना त्याला काय सोसावे लागते, हा प्रश्न मात्र अभ्यासकांनीही फारसा विचारलेला नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, ती क्रिया मुळात आवश्यक आहे काय? मेरिनो मेंढीची शेपूट लांब व लोकरीने भरलेली असते. ती घाणीने माखली की माशा अंडी घालतात व अळ्या पडतात, म्हणून ऑस्ट्रेलियात व न्यूझीलंडमध्ये शेपूट कापण्याची रूढी पडली. दख्खनी मेंढीची शेपूट आखूड व बारीक असते; तिला हे कारण लागू पडत नाही. पाठ्यपुस्तकात आहे म्हणून येथेही शेपूट कापणे हे निव्वळ अनुकरण होय. खच्चीकरणाचेही बरेचसे तसेच आहे. नर कोकरे बहुधा वयात येण्यापूर्वीच मांसासाठी विकली जातात. ती दीर्घकाळ कळपात ठेवावयाची असतील तरच खच्चीकरणास अर्थ आहे.

आता वेदना ओळखण्याविषयी. मेंढी हा भक्ष्य ठरणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपविणे हा तिचा स्वभावच आहे. एडिंबरा येथे मोलोनी व केंट यांनी 1990 नंतरच्या दशकात केलेले निरीक्षण या दृष्टीने उद्बोधक आहे. रबरी कडे घातलेली कोकरे पाय आपटतात, लोळतात, उठबस करतात. शस्त्राने खच्ची केलेली कोकरे उलट ताठ व निश्चल उभी राहतात. वरवर पाहणाऱ्यास दुसरे कोकरू सुखी वाटेल. परंतु तणावद्योतक कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण तेथेही वाढलेले आढळते. नवजात कोकरास वेदना होत नाही, हा समजही असाच निराधार आहे.

स्थानिक बधिरीकरणासाठी लिग्नोकेन वापरतात, आणि येथेच हात जपावा लागतो. तीन किलो वजनाच्या कोकरास, दर किलोस 4 मिलिग्रॅम ही मर्यादा धरल्यास, एकूण 12 मिलिग्रॅम औषध चालते. दोन टक्के द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे मात्रा अवघी 0.6 मिलिलिटर भरते. मोठ्या जनावराच्या सवयीने पिचकारी भरली तर आकडी येऊन कोकरू दगावेल. तेवढेच औषध समभाग सलाइनमध्ये मिसळले की दोन्ही बाजूंस पुरेसे पसरते. त्यानंतर निदान पाच मिनिटे थांबणे अगत्याचे. कळप मोठा व माणसे थोडी असली की नेमकी हीच मिनिटे गाळली जातात, आणि मग सुई टोचल्याचा त्रास तेवढा कोकराच्या पदरी पडतो. चिमट्याने वृषणरज्जू चिरडण्याच्या पद्धतीत त्वचा फाटत नाही, त्यामुळे पावसाळ्यात अळ्यांचे भय कमी असते. बधिरीकरण मात्र तेथेही हवेच.

लिग्नोकेनचा प्रभाव तास-दोन तासांत ओसरतो, सूज व ठणका त्यानंतरही राहतो. यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने मेलॉक्झिकॅम द्यावे, आणि ते क्रियेपूर्वी द्यावे, कारण त्याचा गुण येण्यास वेळ लागतो. औषधाची निवड करताना केवळ कोकराचा विचार पुरेसा नाही. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात; म्हणून 2006 मध्ये भारतात त्याचा पशूंसाठी वापर बंद झाला, व 2023 मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्झिकॅम गिधाडांस निर्धोक ठरले आहे. जेथे मेलेले जनावर माळावरच पडून राहते, तेथे हा भेद लहान नव्हे.

राहिला प्रश्न वेळेचा. रबरी कडे घातल्यावर त्या जागी धनुर्वाताचा धोका असतो, व जखम भरण्यास काही आठवडे लागतात. तेव्हा कोकणाची वाट धरण्याच्या आदल्या दिवशी वाघुरीत कोकरे धरून हे काम उरकण्याची घाई करू नये. ते पावसाळी मुक्कामातच, पण कोरडे दिवस पाहून करावे, आणि दुसऱ्या दिवशी कोणते कोकरू आईला लुचत नाही हे मेंढपाळास विचारावे. ते त्याला आपल्याआधी कळलेले असते.