शेतकऱ्याचा वाडा : काय, कुठे, कशासाठी?

● छप्पर : माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात सपाट माळवद, वर पांढऱ्या मातीचा थर. पाटण-जावळीच्या मुसळधार पावसात मात्र उतरतं कौलारू छप्पर.

● सोपा : वाड्याची ओसरी. एका अंगाला बैलांची दावण, दुसऱ्या अंगाला माणसांची बैठक. जनावरांवर रात्रीही नजर राहते.

● बळद : भिंतीच्या पोटातली धान्याची कोठी.

● पेव : सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठारं. तोंड अरुंद, पोट मोठं. आत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून हवा तपासत. २००५च्या महापुरात अनेक पेवं पाण्याखाली गेली.

● आवाहन : जुना वाडा पाडण्याआधी त्याची मोजमापं आणि छायाचित्रं जरूर नोंदवून ठेवा.