प्रत्येक करंजाचे तेल निराळे

ओढ्याकाठी सावली धरणारे करंजाचे झाड आपल्या ओळखीचे आहे. त्याच्या बियांचे कडू तेल दिव्यासाठी, साबणासाठी आणि त्वचारोगांवर वापरले जाते. त्यापासून बायोडिझेलही बनते. पण शेजारच्या दोन करंजांचे तेल सारखे असेलच असे नाही.

बियांत साधारण २५ ते ४० टक्के तेल असते. त्यातले ओलिक आम्ल हे मेदाम्ल सुमारे ४५ ते ७० टक्क्यांपर्यंत कमीजास्त होते. करंजात परपरागीभवन होते. मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे बियांपासून उगवणारे प्रत्येक रोप जनुकांनी वेगळे असते. जमीन, पाऊस आणि बियांची पक्वता यांचाही परिणाम होतो.

बायोडिझेलसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. संपृक्त मेदाम्ले जास्त असतील तर इंधन थंडीत लवकर गोठते. लिनोलिकसारखी बहुअसंपृक्त आम्ले जास्त असतील तर ते हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खराब होते. ओलिक आम्ल या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी टाळते. म्हणून लागवडीआधी झाडे पारखून, निवडलेल्या झाडांची कलमे लावावीत. बी पेरले तर गुण पुन्हा बदलतात. आणि रानातले जुने करंज जपावेत, कारण पुढची प्रत्येक निवड त्यांच्याच विविधतेतून होणार आहे.