हजेरीपटापलीकडची शाळा

शाळेत आपली दखल घेणारे कोणीतरी आहे, आपण आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, ही खात्री किशोरवयीन मुलांच्या मनाला मोठा आधार देते. निकाल, इमारत किंवा शाळेचे नाव यांवर ती फारशी अवलंबून नसते. शिक्षक नावाने हाक मारतात का, चूक झाली तर चारचौघांत पाणउतारा होतो का, डबा खायला सोबत कोणी असते का, अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून ती घडते.

अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत घर आणि शाळा यांच्याशी असलेली जवळीक मुलांना मानसिक त्रासापासून वाचवते, असे दिसले. कोविडकाळातील आकडे अधिक बोलके आहेत. 2021 मध्ये तिथल्या माध्यमिक विद्यार्थ्यांना विचारले असता, शाळेतल्या माणसांशी जवळीक वाटणाऱ्यांपैकी सुमारे 35 टक्के मुलांनी सततची उदासी किंवा निराशा सांगितली. तशी जवळीक न वाटणाऱ्यांत हे प्रमाण 53 टक्के होते. अर्थात एवढ्यावरून कारण आणि परिणाम ठरत नाही. आधीच खचलेले मूल आपणहून शाळेपासून दूर सरकते, असेही असू शकते.

म्हणूनच गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात केलेला ‘सेहर’ हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. त्यात 74 सरकारी शाळा होत्या आणि कोणत्या शाळेत काय करायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. काही शाळांत बाहेरून एक प्रशिक्षित पदवीधर नेमला, काहींत तेच काम शाळेच्याच एका शिक्षकाकडे सोपवले, तर उरलेल्या शाळांत नेहमीचाच जीवनकौशल्यांचा कार्यक्रम चालू ठेवला. भित्तिपत्रक, तक्रारी व सूचनांसाठी पेटी, परिपाठातील चर्चा, मुलांची समिती, दांडगाईविरुद्ध नियम आणि गरज असेल त्याच्याशी एकांतात बोलणे, असे कामाचे स्वरूप होते. बाहेरून माणूस नेमलेल्या शाळांत वर्षभरातच वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली, नैराश्याची लक्षणेही घटली. शिक्षकांनी हेच काम केलेल्या शाळांत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. तास, पेपर तपासणी आणि शाळाबाह्य कामे सांभाळून ऐकायला वेळ उरणे कठीण. शिवाय जो गुण देतो त्याच्यापुढे मूल मोकळे होईलच असे नाही.

सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारख्या गावात आपलेपणाचा हा प्रश्न वेगळ्याच रूपात समोर येतो. माळशिरस तालुक्यातले हे गाव साखरेवर वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथलाच, पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथेच. अशा पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, फडाजवळ किंवा कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, तर नवराबायको दोघांचा मिळून एक ‘कोयता’ लागतो. मग मुले एकतर सोबत येतात, नाहीतर गावी आजीआजोबांकडे राहतात. सोबत आलेल्या मुलाचे वर्ग, मित्र, शिक्षक ऐन वर्षाच्या मध्यात सुटतात. मोठी मुलगी असेल तर धाकट्यांना सांभाळण्यात आणि चुलीपाशीच तिचा दिवस जातो.

साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड असे उपाय महाराष्ट्रात झाले. कार्डामुळे नव्या शाळेत नाव दाखल होते. पण बाकावर शेजारी कोण बसेल, बोलीवरून कोणी चिडवेल का, याची तजवीज त्यात नसते. त्यातच शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार निम्मे मानसिक विकार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे आधाराची गरज वाढते, नेमकी तेव्हाच हमी संपते. नववी-दहावीतली ऊसतोड मजुरांची मुले या फटीत सापडतात.

शाळेला इथे करता येण्याजोगे बरेच आहे. हंगामात आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी वर्गातला एक सोबती जोडून देता येतो. त्याच्या मूळ शाळेतल्या शिक्षकांना फोन करून मूल कसे आहे, कशात रमते, हे विचारता येते. कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलन, परिपाठातले वाचन यांत त्याला सामील करून घेता येते. तो चार महिन्यांनी जाणार म्हणून वगळणे सर्वांत घातक. गैरहजर मुलाच्या कोपीवर कोणी चौकशीला गेले, तर त्याचा परिणाम भाषणांपेक्षा जास्त होतो. ‘सेहर’चा धडा लक्षात घेतला, तर या कामासाठी वेगळा माणूस हवा, किमान एखाद्या शिक्षकाचे तास तरी कमी करायला हवेत.

मात्र आपलेपणा म्हणजे उपचार नव्हे. उदासी, चिडचिड, झोप किंवा भूक उडणे, आवडीच्या गोष्टींतून मन उठणे असे दोन आठवडे टिकले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा एकदा जरी कानावर आली, तरी शिक्षकांनी पालकांना विश्वासात घेऊन मुलाला डॉक्टरांकडे न्यायला हवे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास समुपदेशक भेटतात आणि मराठीतही बोलता येते.